चांदाचा दुसरा साक्षीदार

एकट्या म्हाताऱ्यानं कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसलं की लोकांना वाटतं, याचं काहीतरी बिनसलंय. कर्जतच्या मोहल्ल्यात हसनभाईंबद्दल हेच चाललं होतं. बायको बदरुन्निसा गेलेली, मूलबाळ नाही, टेंपो विकून टाकलेला. आणि हा बाबा रोज दुपारी आकाश दाखवणारी सॉफ्टवेअरं उतरवून घेतोय, शिव्या घालतोय आणि पुसून टाकतोय.

डोकं त्यांचं अगदी ठिकाणावर होतं. त्यांना ईदचा चांद हवा होता, आणि तो तल्हाला दाखवायचा होता.

तल्हा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, हल्ली मोहोपाड्याला मुलाकडे राहायला गेलेला. चांद दिसला असं ठरायला दोन माणसांनी डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष द्यावी लागते, आणि मोहल्ल्यात ती दोन माणसं म्हणजे वर्षानुवर्षं हसन आणि तल्हा. पण तल्हाची नजर अधू झाली. मागच्या खेपेला हसनभाई बोट दाखवून दमले आणि हा गडी त्यांच्या बोटाकडेच बघत राहिला. मुंबईहून चांद दिसल्याची खबर आली म्हणून ईद निभावली. जाताना तल्हा म्हणाला, आता दुसरा कुणीतरी बघ. ते हसनभाईंना फार लागलं. चांदाच्या निमित्तानं तरी तो यायचा. तेही थांबलं तर त्या गच्चीवर वर्षभर दुसरं पाऊल पडणार नव्हतं, आणि घर तर आधीच खायला उठत होतं.

म्हणून चांद कुठल्या जागी दिसणार हे आधीच कळायला हवं होतं. मग तल्हाचे डोळे नेमके तिथंच लावता आले असते. पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये तारे जोडून काढलेले विंचू, अस्वलं, शिकारी यांची नुसती जत्रा. त्या गर्दीत चांदच सापडेना. दुसरं मोबाइलवरचं, फोन वर धरला की समोरचं आभाळ दाखवणारं. पण गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडनं त्याचं होकायंत्र फिरवलं, आणि मावळतीचा चांद त्यानं बेधडक दक्षिणेला, खालापूरच्या अंगाला दाखवला. तिसऱ्याचे आकडे चोख, पण त्याच्या लेखी कर्जत समुद्रकाठी वसलेलं! मावळतीला सोंडाईचा डोंगर उभा आहे आणि चांद मावळायच्या कितीतरी आधीच तो त्याला गिळतो, याची त्याला गंधवार्ता नाही. हसनभाईंनी कपाळाला हात लावला.

चौथं मात्र जमलं. त्यात आपल्या गच्चीवरून काढलेला डोंगराचा फोटो घालता येत होता. हसनभाईंनी फोटो काढले, जोडले, चुकले, पुन्हा काढले. सूर्य रोज डोंगराच्या कुठल्या खाचेत बुडतो ते बघून पडद्यावरचा डोंगर जागेवर बसवला. रमजान सरत आला तेव्हा त्यांना ठाऊक झालं होतं की चांद सूर्य बुडेल त्या खाचेच्या डावीकडे, दोन बोटं वर, थोडाच वेळ दिसणार. त्यांनी प्लॅस्टिकच्या पाइपाचा तुकडा त्या जागेवर रोखून विटांमध्ये घट्ट बसवला आणि तल्हाला फोन केला. यावेळी दाखवतोच, म्हणाले.

तल्हा आला. दोघांनी गच्चीवरच खजूर खाऊन रोजा सोडला. पण नशीब बघा, डोंगराला वणवा लागलेला आणि मावळतीला धूर पसरलेला. हसनभाईंनी पाइपाला डोळा लावला. बराच वेळ काहीच नाही, आणि मग धुरातून कापलेल्या नखासारखी कोर दिसली. त्यांना एकदम हलकं वाटलं. पाइप न हलवता ते बाजूला झाले आणि त्यांनी तल्हाला पुढं केलं.

तल्हानं हा डोळा लावला, तो लावला. आपल्याला नुसता धूर दिसतोय, म्हणाला.

"मी पाहिलाय," हसनभाई काकुळतीला आले. "तिथंच हाय तो. दिसला म्हण ना. चांद काय खोटा नाय."

"चांद खोटा नाय रं," तल्हा म्हणाला, "पण पाहिला म्हणालो तर मी खोटा होईन."

हसनभाईंनी पुन्हा पाइपातून पाहिलं तोवर कोर डोंगराआड गेली होती. तल्हानं मान खाली घालून चपला पायात सरकवल्या आणि तो रिक्षा पकडायला निघून गेला.

हसनभाईंनी मशिदीत फोन केला. दुसरा कोण, मौलानांनी विचारलं. कॉम्प्युटरचीही साक्ष आहे, असं हसनभाई म्हणाले, पण साक्ष डोळ्यांचीच लागते. मुंबईहूनही खबर नव्हती. मोहल्ल्याचा आणखी एक रोजा ठरला. मौलाना हळू आवाजात पुढं म्हणाले, तुम्ही पाहिलाय, तेव्हा तुमची ईद उद्याच. रोजा धरू नका, पण बोभाटा नको, घरातच करा.

आता असली ईद कशी करायची? हसनभाईंनी आंघोळ केली, अत्तर मात्र लावलं नाही. खिडक्या लावून घेतल्या. शेवया तुपात परतल्या तर वास शेजारी जाईल, म्हणून न परतता तशाच दुधात सोडल्या. बाहेर सगळा मोहल्ला उपाशी आणि आत हा एकटा खायला बसलेला, चोरासारखा. ईद मुबारक म्हणायला भिंतीशिवाय कुणी नव्हतं. पहिल्याच घासाला त्यांना रडू आलं आणि वाटी खाली ठेवावी लागली.

संध्याकाळी ते गच्चीवर असताना जिन्यावर पावलं वाजली. तल्हा न बोलावता आला होता. आज चांद चांगला वर होता, जाड, लख्ख. तल्हानं मान उचलली आणि त्याला तो दिसला. खाली पोरांनी गलका केला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडू लागले. तल्हा मात्र वर बघतच उभा राहिला.

"हा आजचा नाय," तो म्हणाला. "हा कालचा हाय. हसन, एकट्यानंच केलीस ईद?"

हसनभाईंनी मान डोलावली. चांदाच्या हिशेबात दिवस मावळतीलाच बदलतो. तल्हाची ईद आत्ता कुठं सुरू होत होती, आणि त्यांची मघाशी सूर्य बुडाला तेव्हाच संपली होती. तल्हानं तरीही त्यांना मिठी मारली, आणि हसनभाई त्याला सोडीनात.