कोंबड्या गेल्या, बटेरं आली

मी एक जुनी टोपली आहे. भाजीची नाही, भाकरीची नाही, कोंबड्या झाकायची. मित्रांनो, बाकीच्या टोपल्या तोंड वर करून बसतात. मी मात्र जन्मभर तोंड जमिनीला लावून पालथी पडले. त्यामुळे बाहेरचं मला कमी कळतं, पण आतलं सगळं कळतं. आणि आत एकदा जे होतं, त्याचा थंडावा माझ्या कामट्यांतून अजून गेलेला नाही.

पातूरच्या बाजारात एका बुरडाने मला विणलं आणि जमुनाने मला डोक्यावर घेऊन मळ्यातल्या घरी आणलं. जमुना, तिचा नवरा शेखर आणि त्यांची लहानगी खुशी, एवढंच ते घर. भाजी पिकवायची आणि बाजारात विकायची. दिवेलागणीला जमुना कोंबड्या गोळा करून माझ्याखाली झाकायची. सकाळी मला उचलण्याआधी बोटांच्या पेरांनी टकटक करायची. आतून कोंबड्या कुरकुरल्या, की मगच उचलायची. एका पावसाळ्यात माझ्या कडेखालच्या फटीतून नाग आत शिरला होता, आणि त्या टकटकीला कोंबड्यांनी असा कलकलाट केला की जमुना काठी आणायला धावली. तेव्हापासून तिची ही सवय पक्की झाली. खुशीही आईचं बघून टकटक करायची आणि कान लावून बसायची. ते दिवस फार सुखाचे होते.

पण कोंबड्यांनाही अक्कल कमीच. दिवसा मोकळ्या सुटल्या की थेट वाफ्यात. एका सकाळी त्यांनी कोवळा सांबार, म्हणजे कोथिंबीर, मुळासकट उकरून टाकला आणि शेखरचं डोकं फिरलं.

"या कोंबड्या मले काही पिकू देऊन नाही राहिल्या," तो कडाडला. "मी बटेर आनतो. थोड्याशा जागेत राह्यते, दीड-दोन महिन्यांत अंडं देते, मटनाले बी लवकर तयार होते."

"अन् अंड्यावर बसते का थे?" जमुना म्हणाली. "पिल्लं कोन काढन? तुमी? कोंबडी उष्टं-खरकटं खाते, आपली पिल्लं आपन काढते. बटेरीले सारं इकत आनून चारावं लागते."

"पन थे वाफे तं नाही ना उकरत!"

शेवटी कोंबड्या बाजारात गेल्या. जाताना त्यांच्या पायांना दोरी होती. मला फार वाईट वाटलं, पण टोपलीला कोण विचारतो?

बटेरं आली. लाव्यांसारखे मूठभर जीव, ठिपक्यांची इवली अंडी. विकणाऱ्याने बजावलं होतं, आवाज करू नका. दचकली तर सरळ वर उसळतात आणि डोकं फोडून घेतात. मला उचलायचीही सोय नव्हती, भुर्रकन उडून गेली असती. म्हणून शेखरने विळ्याने माझ्या कुशीत हात जाईल एवढं भोक पाडलं आणि त्यावर गोणपाटाचा तुकडा लटकवला. अंडी काढायचं काम खुशीला मिळालं, कारण तिचा हात लहान. "ठोकू नोको बरं," बापाने तिला दटावलं. टकटक बंद झाली.

वाफे हिरवे झाले. शेखर आनंदात होता. मी मात्र धास्तावले होते. माझ्या एका बाजूची माती पावसाने खचली होती, तिथे पुन्हा फट पडली होती आणि ती कोणी पाहिली नव्हती. अंडी कमी होऊ लागली. शेखर म्हणाला, "मांजर असन." जमुना म्हणाली, "मांजर अंडे खाईन अन् बटेरं सोडन का?" पण कामाच्या रगाड्यात ते बोलणं तिथेच राहिलं.

मग एका ढगाळ पहाटे तो आला. फटीतून गार, लांब, सावकाश. बटेरं एका बाजूला गोळा झाली. कोंबड्या असत्या तर अख्खा मळा जागा झाला असता. ही दबून बसली. त्याने अंडी गिळली, मग एक बटेर गिळलं. पोट एवढं फुगलं की फटीतून परत जाता येईना. तेव्हा तो गोणपाटाच्या अगदी खाली वेटोळं घालून पडला.

उजाडलं. खुशीची पावलं वाजली. हातात वाटी होती. मित्रांनो, मला ओरडायचं होतं. मला तोंड आहे, पण ते जमिनीला चिकटलेलं. तिने गोणपाट बाजूला केलं. बोटं आत येऊ लागली.

आणि आतली रोजची चुळबुळ ऐकू आली नाही म्हणून की काय, ती थांबली. हात मागे घेतला आणि आईसारखी पेरांनी टकटक केली.

"खुशे! ठोकू नोको म्हटलं ना!" शेखर वाफ्यातून ओरडला.

एरवी टकटक झाली की बटेरं उसळली असती. आज एकही हललं नाही. पण आतून उत्तर आलं. लांब, कोरडा फूत्कार.

"आई," खुशी हळूच म्हणाली, "आत कोनीतरी हाये."

जमुना हातातलं टाकून धावली आणि पोरीला ओढून छातीशी धरलं. शेखर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने फोन करून सर्पमित्राला बोलावलं. सर्पमित्र आला, नाग पिशवीत गेला. शेखरने त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "मीच पाडलं थे."

आता बटेरं जाळीच्या पिंजऱ्यात आहेत, सगळं दिसतं. वाफ्याला कुंपण झालं आणि जमुनाने पुन्हा कोंबड्या आणल्या, त्यांच्यासाठी नवी टोपली आली. नागाला लांब सोडलं म्हणतात. तो जिथून आला असावा, ते विहिरीजवळचं बीळ मात्र तसंच आहे, आणि त्याच्या तोंडाशी माती अधूनमधून ओली, गुळगुळीत दिसते.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. जे झाकलेलं आहे, तिथे आधी वाजवा, मग थांबा, मगच हात घाला. घाईत थांबायचं राहून जातं.

मला कुशीतल्या भोकासकट भिंतीला टांगलं आहे. मी रिकामी आहे, हे खुशीला माहीत आहे. तरी येता-जाता ती मला टकटक करते, आणि आतून काही उत्तर येतं का, ते ऐकत श्वास धरून उभी राहते.