सारख्या उंचीच्या चौकटी

"अगं, 'दम' लिहिलं की चौकट बसकी होते, 'हळू' लिहिलं की खाली लोंबते, आणि 'किंचित' लिहिलं की टोपी घालून उभी राहते," दाजी फोनवर मुलीला सांगत होते. "एका ओळीत चार चौकटी आणि चारही चार उंचीच्या! हा संगणक आहे की थट्टा?"

"बाबा, तो शब्दाच्या मापाने चौकट शिवतो. त्याला काय कळतंय?"

"मी हाताने काढायचो तेव्हा एक सूत इकडे तिकडे होत नव्हतं."

"माहितीये हो. जन्मल्यापासून ऐकतेय."

दाजी वाद्यवृंदाचे नकलनवीस. संगीतकाराचा खाडाखोड केलेला मूळ कागद घ्यायचा आणि त्याची स्वरलिपी स्वच्छ उतरवून द्यायची, हे काम त्यांनी चौतीस वर्षं टाकाने केलं आणि गेली सहा वर्षं संगणकावर. दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. वाद्यवृंद चालवणाऱ्या मास्तरांची थोरली बहीण त्यांची बायको, म्हणून मास्तर त्यांना दाजी म्हणत. मग व्हायोलिनवाले म्हणू लागले, मग बासरीवाला, मग दारावरचा रखवालदारसुद्धा. इतके मेहुणे असलेला माणूस जगात दुसरा नसेल.

चौकटींचं हे वेड उगीच नव्हतं. मास्तरांची नजर वर्षभरात अधू झाली होती. कडेचं सगळं धुरकट, मधली एक अरुंद पट्टी तेवढी शाबूत. कुठे थांबायचं, कुठे कुणाला घ्यायचं, हे स्वरांच्या ओळीवरच्या चौकटींत लिहिलेलं असे, आणि मास्तरांची नजर त्या चौकटींच्या कडेकडेने सरके, अंधारात भिंतीला धरून चालावं तशी. एखादी चौकट वरखाली झाली की नजर घसरून थेट खालच्या ओळीत. मागच्या तालमीत ती दोनदा घसरली. वाद्यवृंदाच्या चिटणीसबाईंनी गोड आवाजात सांगून टाकलं होतं, गुरुवारच्या तालमीत पुन्हा अडखळले तर रविवारचा कार्यक्रम उपमास्तर करतील. मास्तरांचं वय पाहता हा कार्यक्रम नाही तर पुढचा, असं काही उरलं नव्हतं.

"एक युक्ती आहे," मुलगी म्हणाली. "प्रत्येक चौकटीत शब्दापुढे आणखी एक शब्द टाका, ज्याला वर वेलांटी आहे आणि खाली उकार. सगळीकडे तोच टाका आणि त्याचा रंग पांढरा करा. कागद पांढरा, शब्द पांढरा. दिसणार नाही, पण चौकटीला त्याच्यासाठी जागा करावीच लागेल."

"कुठला शब्द टाकू?"

"कुठलाही हो, बाबा!"

दाजींनी फोन ठेवला आणि शेजारच्या स्टुलाकडे बघितलं. याच स्टुलावर बसून त्यांची बायको मूळ कागद मोठ्याने वाचायची आणि दाजी नक्कल ताडून बघायचे. ती भावाहून दोन वर्षांनी मोठी, पण जेमतेम त्याच्या खांद्याला लागायची. भावाने लहानपणीच तिचं नाव बुटकी पाडलं. लग्नानंतर दाजींनीही तेच उचललं, आणि ती दोघांवर सारखीच चिडायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. दाजींना तिच्यावाचून करमत नव्हतं, आणि हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

त्यांनी 'दम'पुढे 'बुटकी' लिहिलं. चौकट ताठ उभी राहिली.

"जन्मभर मला फळीवरचे डबे काढायला लावलेस," दाजी स्टुलाला म्हणाले, "आणि आता बघ, सगळ्यांना उंची तुझी."

दोनशे चौदा चौकटी होत्या. दोन दिवस लागले, पण पानावरून नजर फिरवली की कशी सरळ धावत होती!

बुधवारी दुपारी मास्तरांचा फोन आला. "दाजी, पांढऱ्या कागदाची तिरीप येते हो डोळ्यांवर. चौकटी तेवढ्या काळ्या करता येतील? आत पांढरी अक्षरं?"

"त्यात काय एवढं?" दाजी म्हणाले. सगळ्या चौकटी एकदम निवडल्या, त्या काळ्या केल्या, अक्षरं पांढरी केली. पानं लहान करून दुरून बघितली. उंची सारखी होती, आणि त्यांचा सगळा जीव त्या उंचीतच अडकलेला. पानं तशीच छापखान्यात गेली. 'एकदा वाचून बघू या' म्हणणारी आता नव्हती.

गुरुवारी पानं छापखान्यातून थेट मास्तरांच्या समोर गेली. मास्तर भिंग घेऊन वाकले आणि वाकलेलेच राहिले. वादक एकमेकांकडे बघू लागले. दाजी मागच्या रांगेतून उठून पुढे आले आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावले. काळ्या चौकटींत पांढरी शुभ्र अक्षरं होती. 'हळू बुटकी'. 'सगळे बुटकी'. 'दम बुटकी'.

"चूक झाली, मास्तर. तासाभरात दुसरी छापून आणतो."

"काय झालं?" चिटणीसबाईंनी विचारलं. "दिसत नाहीये का?"

"दिसतंय," मास्तर म्हणाले. "सगळं दिसतंय." मग आवाज खाली आणून विचारलं, "किती ठिकाणी आहे?"

"दोनशे चौदा."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"मग बसा तुम्ही, दाजी."

मास्तर एकदाही अडखळले नाहीत. नवव्या पानावर मात्र त्यांचा हात वर गेला तो वरच राहिला. व्हायोलिनचे गज हवेत तसेच राहिले, बासरीवाल्याने घेतलेला श्वास कोंडून धरला. दाजींना ते पान पाठ होतं. तिथे 'थांबा बुटकी' होतं. त्यांनी मान खाली घातली आणि रुमाल शोधला. मग मास्तरांचा हात खाली आला आणि संगीत पुढे निघालं.

"कार्यक्रम तुम्हीच करा," शेवटी चिटणीसबाई म्हणाल्या. "फक्त मधे एके ठिकाणी फार थांबलात."

"तिथे थांबा लिहिलंय," मास्तर म्हणाले.

रविवारी दाजींनी नवी पानं आणून मांडली. मास्तरांनी भिंग लावलं. चौकटी त्याच उंचीच्या, पण 'हळू'च्या पुढे नुसतं काळं.

"काढलंत तिला?"

"नाही हो. काळ्यावर काळी केली. आहे तिथेच."

सभागृह भरलं, दिवे मंद झाले. दाजी मागच्या रांगेत जाऊन बसले. मास्तरांनी पहिल्या चौकटीतल्या मोकळ्या काळ्या जागेवर क्षणभर बोट टेकवलं, आणि हात वर केला.