अठरा जागा

मोरीतल्या नळाने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि दुपारची शांतता मोडली. मांडीवरच्या अडीच वर्षांच्या मनूला आत्ता कुठे डोळा लागला होता. हेमाने तिला अलगद चटईवर सरकवलं आणि बादल्या लावायला धावली. कोपर गावाला पाणी येतं ते जेमतेम पाऊण तास. दुसरी बादली नळाखाली सरकवून मागे वळते तर दारात बाबा उभे.

परशुराम लेकीकडे रिकाम्या हाताने कधी आला नव्हता. निवट्या असोत, कोलंबी असो, काही नाही तर मूठभर सुकट तरी पिशवीत असायचीच. आज पिशवी नव्हती. हातात वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा होता.

"हेमा गो, पान्यात भिजला तरी चालनारा कॅमेरा मिलतो म्हनतान. खरा हाय कं?"

"तुम्हाला कशाला कॅमेरा, बाबा?"

"खुना धरायच्यान."

हेमा हसता हसता थांबली. खुणा म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

मोठागावच्या बंदरावरून परशुरामने चाळीस वर्षं खाडीत जाळं टाकलं. पाण्यावर काही लिहिलेलं नसतं. मासा कुठे लागतो ते काठावर बघून ओळखायचं. मलंगगडाचं टोक चिंचेच्या झाडावर बसलं आणि मान वळवल्यावर मिठागराची चौकी देवळाच्या कळसामागे लपली, म्हणजे जागा आली. एका जागेला दोन खुणा. दोन्ही जुळल्या तरच जाळं सोडायचं, चार वाव इकडे नाही की तिकडे नाही. ह्या जागा कोळी कोणाला सांगत नाही. सख्ख्या भावालाही नाही. फक्त मुलाला सांगायच्या, त्याही होडीत बसवून. जमिनीवर तोंडातून काढायच्या नाहीत.

पण परशुरामचा मुलगा रघू कंपनीत लागला होता आणि होडीत बसला की त्याला उलटी व्हायची. त्यात काठावर इमारती उठत होत्या. चिंचेमागे एका इमारतीचा चौथरा बांधून झाला होता.

"पुढल्या साली मलंग दिसाचा नाय," बाबा चहा बशीत ओतत म्हणाले. "रघूचा कॅमेरा नेलेला मी गेल्या सालीच. एक लाट आली नि सगला रोल खारा झाला."

"पण फोटो काढून देणार कोणाला?"

"कोनाला नाय. जागा हाय तवर तिची खून तरी रहावी."

दसऱ्याच्या आधी दोघं शीळफाट्यावरून एसटीने ठाण्याला गेली. मनूला हेमाने कडेवर घेतलं होतं. तिचा नवरा शिवराम खोपटच्या डेपोत मेकॅनिक. त्याच्या ओळखीचा चंदू म्हणून एक कॅमेरेवाला डेपोपासून दोन गल्ल्या सोडून बसायचा. त्याने काचेवर तीन कॅमेरे मांडले.

"हा साधा, वर प्लास्टिकची पिशवी घालायची. हा नुसत्या शिंतोड्यांना चालतो. आणि हा पिवळा, बाहेरचा माल. ह्याला घेऊन पोहलात तरी चालेल, काका."

परशुरामने पिवळा कॅमेरा हातात तोलला. "पान्यात परला तर तरंगतो?"

"बुडेल. पण आत थेंब जाणार नाही. गॅरंटी."

"मंग तो काढाचा कोनी? खाली कमरेभर गाल हाय. तुमची गॅरंटी चिखलात सुकी बसंल नि मी वरती बोंबलत."

चंदू हसला. "काका, आजवर हे कोणी विचारलं नव्हतं."

"आजवर होरीवाला आला नसंल."

मग परशुरामने दुकानातल्या माठातलं पाणी बोटांवर घेतलं आणि ओल्या हाताने तिन्हींची बटणं दाबून बघितली. पिशवीतल्या कॅमेऱ्याचं बटण निसटलं. दुसऱ्याचं बटण त्याच्या अंगठ्याखाली सापडेनाच. पिवळ्याचं बटण बोराएवढं होतं. डोळा लावायची खिडकीही मोठी.

"अंधुक दिसनाऱ्या मानसाचा कॅमेरा हाय यो," बाबा म्हणाले. "घे गो."

तरंगण्याचं हेमाने घरी आल्यावर सोडवलं. जुन्या जाळ्याची एक बोया मागून घेतली, नायलॉनच्या दोरीने पिवळ्या कॅमेऱ्याला बांधली आणि मनूच्या आंघोळीच्या बादलीत सोडली. कॅमेरा एकदा डुबकी मारून वर आला. मनूने टाळ्या वाजवल्या. बाबांनी नुसती मान हलवली, पण जाताना बोयेची गाठ दोनदा चाचपून बघितली.

तीन सकाळी ते एकटे गेले. छत्तीस फोटोंचा एकच रोल. एका जागेचे दोन, म्हणजे अठरा जागा.

फोटो धुऊन आले तेव्हा हेमाचं मन खट्टू झालं. काठावरून बघताना जवळ वाटणारा मलंगगड कागदावर नखाएवढा झाला होता. खाली मातकट पाणी, मध्ये काठाची काळी रेघ, वर आभाळ. सगळे एकासारखे एक.

बाबांना मात्र एकही सारखा वाटला नाही. चटईवर त्यांनी जोड्या लावल्या, कल्याणच्या अंगाने सुरुवात करून खाली समुद्राच्या बाजूला. मग जमिनीवर बसून, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी जागा तोंडातून काढल्या.

"लिव. ही भागीरथीची. माजी आई हितं नवस बोलली, दोन मोठं जितारं मासं मिलालं तर देवीला चोली. मिलालं. ही खांबाची. ही राघोची, माज्या आज्याची, हितं वाऱ्यानं त्याची टोपी उराली."

हेमा फोटोंच्या मागे पेन्सिलीने लिहीत होती. मध्येच दुधाखालचा गॅस बारीक करून आली.

"तुज्या नावाची पन हाय एक," बाबा म्हणाले. "तू झालीस त्या दिसाला लागलेली."

"कुठली?"

"येल. लायनीत येऊ दे."

नऊ जागा झाल्या आणि मनू उठून रडायला लागली. तिचं अंग तापलं होतं. "उरलेल्या उद्या लिहू, बाबा."

"उद्या काय खारीचा पानी आटतंय?"

मनूला कांजिण्या निघाल्या. मग दिवाळी आली. मग शिवरामची रात्रपाळी. बाबा दोनदा येऊन गेले. एकदा पाणी भरायचं होतं, एकदा पाहुणे बसले होते. "पुढल्या आठवड्यात नक्की," हेमा म्हणाली होती. मार्गशीर्षात एका पहाटे बाबा झोपेतच गेले.

दिवस-कार्य झाल्यावर ती उरलेले अठरा फोटो घेऊन बंदरावर गेली. बाबांचे जोडीदार गुणाजी जाळं विणत होते. त्यांनी फोटो दूर धरले, जवळ धरले, उलटसुलट केले.

"चिच वलखतंय. मलंग वलखतंय. पन परशुरामची जागा मना कशी ठावी, पोरी? चालीस वर्सां बाजूला होरी लावली. त्यानी सांगितला नाय, मी इचारला नाय."

त्यांनी फोटो धोतराला पुसून परत केले.

उन्हाळ्यात चिंचेमागची इमारत चार मजले चढली. एका दुपारी मनूने पाकीट काढून सगळे फोटो चटईवर मांडले, आजोबांनी मांडले होते तशा रांगेत. मागे लिहिलेलं हेमाने वाचून दाखवलं. भागीरथीची. खांबाची. राघोची. मनू प्रत्येक नाव तिच्यामागून म्हणत होती. नऊ नावं संपली. "उरलेल्यांत माझ्या नावाचीही एक जागा आहे," हेमा म्हणाली.

मग मनूने कोरे फोटो दोन्ही हातांत पंख्यासारखे धरले आणि आईपुढे केले.

"ह्यातली तुझी कुठली गं, आई?"