चौदावं कलम

"इथं आणि इथं, दोनच सह्या," नरसिंहराव म्हणाले आणि त्यांनी टोपण काढून पेन गुंडोरावांच्या हातातच दिलं.

कॉलेजच्या सभागृहात प्रवेशाची गर्दी होती. वसतिगृहाच्या टेबलावर नरसिंहराव बसले होते आणि सकाळपासून शंभरेक आईबापांनी त्यांच्यापुढं वाकून त्या दोन सह्या केल्या होत्या. गुंडोरावांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"सगळ्यांना हाच फॉर्म आहे, सर," नरसिंहराव कन्नडमध्ये म्हणाले.

"स्वल्प थांबा. वाचतो."

न वाचता सही करणं त्यांच्या हाताला जमणारं नव्हतं. देवनहळ्ळीला नोंदणी कचेरीसमोरच्या पत्र्याच्या गाळ्यात एकतीस वर्षं ते दस्त टाइप करत होते. आधी टाइपरायटरवर, आता कॉम्प्युटरवर. खरेदीखतं, वाटणीपत्रं, संमतीपत्रं. गावाभोवतालच्या द्राक्षाच्या मळ्यांचे घरांसाठी प्लॉट पडून लेआउट झाले, त्यातले निम्मे त्यांच्या बोटांखालून गेले होते. या एकतीस वर्षांत ते एक गोष्ट शिकले होते. गळा कापणारं वाक्य पहिल्या पानावर कधी नसतं. ते शेवटाकडं, दोन निरुपद्रवी वाक्यांच्या मधे, अंग चोरून बसलेलं असतं.

इथंही ते तसंच बसलं होतं. तेराव्या कलमात खोलीत इस्त्री वापरायला मनाई होती, पंधराव्यात भिंतीला खिळे मारायला. आणि मधे चौदावं: 'सायंकाळी सात वाजल्यानंतर फाटकाबाहेर असलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत घडणाऱ्या कोणत्याही घटनेस, त्यात शारीरिक इजा अथवा मृत्यूही आला, संस्था जबाबदार राहणार नाही. विद्यार्थिनी व पालक यांस हे मान्य असून त्यांची याबाबत कसलीही तक्रार नाही व राहणार नाही.'

गुंडोरावांनी ते दोनदा वाचलं. गंमत अशी, की या फाटकासाठीच त्यांनी हे वसतिगृह निवडलं होतं. त्यांच्या मुलीला, सौम्याला, सरकारी यादीतून इलेक्ट्रॉनिक्सला जागा मिळाली ती इलेक्ट्रॉनिक सिटीच्याही पुढच्या या कॉलेजात. म्हणजे शहराच्या त्या टोकावरून या टोकाला. रोज जाऊन-येऊन करणं अशक्य. दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. त्यांची बायको कस्तुरी म्हणायची, "बाकी काही का असेना, फाटक लवकर बंद होणारं बघा. मग मला रात्री झोप लागेल." सातला फाटक बंद होतं हे कळल्यावर दोघांनाही हायसं वाटलं होतं. फाटकाला दुसरी बाजूही असते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"सात वाजून पाच मिनिटांनी मुलगी फाटकापाशी आली, तर?" त्यांनी विचारलं.

"सात म्हणजे सात. तुमच्याच मुलींच्या सुरक्षेसाठी आहे ना."

"बस उशिरा आली तर?"

"तर तिनं पालकांना फोन करायचा. पालकांनी वॉर्डनना मेल करायचा. वॉर्डनची परवानगी आली की उघडतात."

"आणि तोवर मुलगी कुठं?"

नरसिंहरावांना प्रश्नच नीट कळला नसावा. "बाहेर," ते म्हणाले.

गुंडोरावांच्या मागं उभ्या असलेल्या गृहस्थानं घड्याळ पाहिलं. हे विद्याधर. पुण्याहून आयटीत आलेले, व्हाइटफील्डला राहणारे. सकाळपासून रांगेत पुढंमागं असल्यानं ओळख झाली होती. "काका, साइन करून टाका हो. स्टँडर्ड फॉरमॅट असतो हा. लीगलवाले टाकतात असं काहीतरी, कोण बघतंय?"

"मी बघतो की," गुंडोराव म्हणाले. "माझा धंदाच तो."

शेजारच्या टेबलावर ओळखपत्रं देणारी मुलगी हे सगळं ऐकत होती. वीणा तिचं नाव. तिसऱ्या वर्षाची. कॉलेजनं मदतीला बसवलेली. सौम्याचं ओळखपत्र देताना ती हळूच कन्नडमध्ये म्हणाली, "अंकल, विचारताय ते बरोबर विचारताय. मागच्या वर्षी माझ्या खोलीतली मुलगी दहा मिनिटं उशिरा आली. पाऊण तास फाटक उघडलं नाही. रस्त्यावर दिवे नाहीत. दोघं बाईकवरून आले, तिचा हात धरला. ती पळाली ती समोरच्या गटाराच्या खणलेल्या चरात पडली. कोपर मोडलं. तिच्या वडलांना कॉलेजनं काय लिहून पाठवलं माहितीय? मुलगी फाटकाबाहेर होती."

"मग?"

"मग काय? हासनला परत गेली. कॉलेज सोडलं."

गुंडोरावांनी पुन्हा चौदाव्या कलमाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ त्यांच्या ओळखीची होती. ती त्यांनी स्वतः टाइप केली होती, सहा वर्षांपूर्वी. एका लेआउटची भिंत अंगावर पडून रायचूरकडचा एक मजूर गेला होता, आणि कंत्राटदार त्याच्या बायकोला घेऊन गाळ्यात आला होता. कडेवर मूल. अंगठा उठवण्याआधी तिनं गुंडोरावांनाच विचारलं होतं, "यात काय लिहिलंय, अण्णा?" कंत्राटदारच मधे बोलला होता, "तुझ्या मदतीचं आहे." गुंडोरावांनी शाईचा पॅड पुढं सरकवला होता. 'कसलीही तक्रार नाही व राहणार नाही.' तिला तक्रार होती. तिच्या डोळ्यांत ती मावत नव्हती. आणि त्यांनी, शिकल्यासवरल्या माणसानं, तोंडातून शब्द काढला नव्हता.

त्यांनी पेन उचललं. चौदाव्या कलमावर पट्टी लावून मारावी तशी सरळ रेघ मारली, समासात आपली छोटी सही केली आणि कागद नरसिंहरावांपुढं फिरवला.

"दस्तात खोडलं की दोन्ही बाजूंची सही लागते. तुमची इथं."

"हे काय केलंत तुम्ही?" नरसिंहराव उभेच राहिले. "फॉर्म खराब केलात!"

"फॉर्म आधीच खराब होता. माझी मुलगी अठरा वर्षांची आहे. ती मेली तरी माझी तक्रार नाही, असं तिच्या समोर उभं राहून मी लिहून देऊ? तुम्हाला मुलगी आहे का, साहेब?"

रांगेतली माणसं वळून बघू लागली. कुणीतरी हसलं. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, आमची बस आहे." सौम्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तिनं वडलांची बाही ओढली. "अण्णा, सगळे बघायलेत."

"बघू देत."

नरसिंहराव कागद घेऊन आत गेले आणि पाच मिनिटांत परत आले. आता त्यांच्या हातात नवा, कोरा फॉर्म होता. "मॅनेजमेंट म्हणतंय, वसतिगृह हवं असेल तर जसाच्या तसा फॉर्म. नको असेल तर तुमची मर्जी. कॉलेजातली जागा राहील, ती सरकारी यादीतली आहे. खोली मात्र संध्याकाळपर्यंत रिकामी करा."

कोऱ्या फॉर्मकडं बघताना गुंडोरावांचा आवेश थोडा ओसरला. सकाळीच ते सौम्याची ट्रंक तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत ठेवून आले होते. पूर्वेची खिडकी. सौम्यानं गादीवर चादरही घालून टाकली होती. आयुष्यात प्रथमच तिला स्वतःचं असं कपाट मिळालं होतं.

"तू म्हणशील तर करतो सही," ते तिला म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुझी इच्छा मोडायची नाही मला."

सौम्यानं फॉर्म ओढून घेतला आणि उभ्याउभ्या वाचला. विद्यार्थिनीच्या सहीची जागा तिनं बोटानं शोधली. मग वीणाकडं बघितलं. वीणा मान खाली घालून कुणाचं तरी ओळखपत्र कापत होती. सौम्यानं पेनाला टोपण लावलं.

"चला, ट्रंक आणूया," ती म्हणाली.

वसतिगृह कॉलेजपासून दीडेक किलोमीटरवर होतं. एका बाजूला कंपनीची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला खणून ठेवलेला चर. वॉर्डनबाईंनी कागदपत्रांत बराच वेळ घालवला. ट्रंक खाली आणून ते फाटकाबाहेर आले, तोच मागं कडी लागली. सात वाजले होते. अंधार पडू लागला होता आणि बोलावलेली रिक्षा येत नव्हती. गुंडोरावांनी बनशंकरी भागात राहणाऱ्या चुलतबहिणीला फोन लावला.

"वसुमतीअक्का, सौम्या तुझ्याकडं राहिली तर चालेल का? दोन बस बदलाव्या लागतील तिला."

"विचारतोस काय? ट्रंक घेऊन या सरळ. जेवायलाच या." अक्कानं कारणही विचारलं नाही.

फोन ठेवतायत तोच रस्त्यावरून कुणीतरी धावत आलं. वीणा होती. धाप लागलेली, हातात कॉलेजच्या ओळखपत्रांचा रिकामा डबा. तिनं फाटकाचे गज धरले. "भैया, उघडा ना. अजून टेबल आवरत होते. सरांनीच थांबवलं होतं."

"सात वाजून सहा मिनिटं झाली, अम्मा," आतून म्हातारा वॉचमन म्हणाला. "वॉर्डनचा निरोप आल्याशिवाय नाही."

वीणानं वडलांना फोन लावला. ते लॉरीवर ड्रायव्हर. फोन लागेना. एवढ्यात आतून गाडी आली. वॉचमननं लगबगीनं फाटक सताड उघडलं, आणि वीणा आत शिरू लागली तशी हात आडवा धरून तिला थोपवलं. गाडी बाहेर पडली. फाटक पुन्हा बंद झालं.

जन्मात कधी आवाज न चढवलेले गुंडोराव फाटकावर गेले आणि त्यांनी पंजानं पत्रा वाजवला. "गाडीला उघडलंत, मग या पोरीला का नाही?"

"गाडीला पास होता, साहेब."

"ही दिवसभर तुमच्या कॉलेजचंच काम करत होती! तुमच्याच साहेबांनी बसवली होती!"

"मला कळतंय हो," म्हातारा खरंच कळवळून म्हणाला. "माझी नोकरी जाईल."

गाडी पुढं जाऊन थांबली. ती विद्याधरांची होती. ते उतरून आले, फाटकाकडं, वीणाकडं, ट्रंकेकडं बघत राहिले. "काका, ड्रॉप करू का तुम्हाला?"

"नको. ही आत गेली की जाऊ आम्ही."

विद्याधर गेले नाहीत. चौघं ट्रंकेभोवती उभे राहिले. सौम्यानं वीणाला बसायला सांगितलं. एक बाईक हळू होत आली, उभी माणसं बघून पुढं गेली, थोड्या वेळानं पुन्हा उलटी आली. गुंडोराव रस्त्याच्या मधे जाऊन उभे राहिले. बाईक निघून गेली. रस्ता सापडेना म्हणून कंटाळून रिक्षावाल्यानं फोन करून भाडं रद्द केलं.

"कितवं कलम होतं ते?" विद्याधरांनी विचारलं.

"चौदावं. उद्या मी महिला आयोगाला अर्ज टाइप करणार आहे. तुमचं नाव घालू?"

विद्याधरांनी तिसऱ्या मजल्याकडं बघितलं. तिथं त्यांची मुलगी सामान लावत असणार. "काका, माझी मुलगी आत आहे हो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

गुंडोरावांनी मान हलवली. त्यांना राग आला नाही. आपणही एकदा असेच गप्प होतो, हे ते विसरले नव्हते.

त्या दोघांचं मराठी बोलणं वीणाला कळलं नव्हतं. तिनं सौम्याला विचारलं, सौम्यानं सांगितलं. वीणा ट्रंकेवरून उठली.

"माझं घाला, अंकल," ती म्हणाली. "माझं पूर्ण नाव घाला. आणि तिचंही. तिचा हासनचा पत्ता आहे माझ्याकडं."

अखेर वीणाच्या वडलांचा फोन लागला, त्यांनी मेल केला आणि आठला पाच कमी असताना वॉर्डनबाईंचा निरोप आला. वीणा आत गेली, वॉचमननं खाली मान घालून कडी लावली. विद्याधरांनी ट्रंक गाडीत ठेवायला हात लावला. गुंडोरावांनी या वेळी नको म्हटलं नाही. गाडीचं दार उघडताना सौम्या म्हणाली, "अण्णा, वर बघा."

तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत वीणा उभी होती. तिनं हात हलवला नाही. गाडी चरापलीकडच्या वळणावर जाईपर्यंत ती तिथंच, गजाला कपाळ टेकून उभी होती.