गॅदरिंगला लूम चालूच

मोठ्या बाईंनी माझ्या भाविकाच्या दाखल्यावर 'वर्तणूक असमाधानकारक' असं लिहिलं, त्या दिवसापासून मी शाळेच्या गॅदरिंगची वाट बघत होते. खोटं कशाला बोलू? देवापुढं हात जोडले तरी डोक्यात तेच. या बाईचं नाक सगळ्या कामतघर गावासमोर कापायचं.

आमचं घर म्हणजे खाली कापड विणायचे चोवीस लूम आणि वर दोन खोल्या. पलीकडची भिंत शाळेची. भाविका त्या खडखडाटातच जन्मली, पाळण्यात त्याच तालावर झोपली. आता आठ वर्षांची आहे, पण चार शब्दांपलीकडे बोलत नाही, नजर देत नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी ऑटिझम म्हणून कागद दिलाय. लूम चालू असले की माझी पोर गुणी. मणी ओवते, रेघा मारते, डुलते. लाईट गेली, लूम थांबले, की किंचाळते, फेकाफेक करते, चावते. मग आम्ही घरातलं कुणीही पत्र्यावर थापा मारतो, खटक-खटक, खटक-खटक. दहा मिनिटांत गप्प.

हे मी मोठ्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हटलं, "अकराला लोडशेडिंग सुरू झालं की कुणीतरी तिच्या बाकावर हातानं ठोका धरा. बाकी काय नको."

बाई हसल्या. "अहो तुळजाताई, आवाजानं पोरं बिथरतात. शांततेनं कुणी बिथरतं का?"

आणि तिला शांत वाटावं म्हणून मागच्या सामानाच्या खोलीत बसवायला लागल्या, जिथं लूमचा आवाज पोचतच नाही. झालं! दिवसभर रडारड आणि चावाचावी. तीन वेळा गेले, हात जोडले, डॉक्टरांचा कागद दाखवला. "आम्हाला शिकवू नका," म्हणाल्या.

चौथ्यांदा न सांगता गेले, तर पोर टेबलाच्या पायाला ओढणीनं बांधलेली. मनगटं लालेलाल. रडून रडून घसा बसलेला. मी गाठ सोडतेय तोवर बाई दारात आल्या, आणि दोनच दिवसांनी दाखला हातात ठेवला. "दुसरीकडं बघा. इतर पालकांच्या तक्रारी आहेत."

दुसरीकडं कुठं? खास मुलांची शाळा कल्याणला. रस्त्यात ट्रॅफिक लागून रिक्षाचं इंजिन बंद झालं की भाविका उडी मारायला बघते. दोनदा नेऊन बघितलं, दोनदा अर्ध्या वाटेवरून, कोन गावावरून, परत आणलं. तिला चालेल अशी शाळा एकच, भिंतीपलीकडची. रोज सकाळी ती दप्तर घेऊन जिन्यात उभी राहायची, आणि मी तिला ओढून वर न्यायची.

आता गॅदरिंगचं सांगते. सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत आहे. शाळेतून नारळ येतो. नारळ घेतला म्हणजे शब्द दिला. मग त्या दिवशी चार ते सहा आमचे लूम बंद, म्हणजे माइक ऐकू येतो. यंदाही शिपाई नारळ घेऊन आला. मी हसून घेतला, आणि त्याच नारळाचं वाटण लावून खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण केलं.

माझा नवरा, दौलत, बोटं चाटत म्हणाला, "आज कालवण झकास झालंय."

"शाळेचा नारळ हाय," मी म्हटलं.

त्यानं बोट तोंडातून काढलं. "अगो, तो शब्दाचा नारळ! गावात राहायचं हाय आपल्याला!"

"मला न्हाय राहायचं का? माझ्या पोरीला न्हाय राहायचं?"

त्यानं कालवण मात्र संपवलं.

गॅदरिंगच्या दिवशी चार वाजता आमचा मुकादम अश्फाक स्विचजवळ जाऊन उभा राहिला. "भाभी, बंद करूँ?"

"माझी खूण आल्याशिवाय हात तर लाव, बघते तुझ्याकडं."

मी भाविकाला युनिफॉर्म घातला, सासू रंगूबाईला बरोबर घेतलं, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. काय मजा सांगू! संस्थेच्या अध्यक्षांचं तोंड हलतंय, शब्द नाही. पोरी नाचतायत, गाणं कुठलं ते पोरींनाच कळत नाही. मोठ्या बाईंचा चेहरा घामानं निथळतोय. माझ्या जिवाला असा थंडावा कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

शेवटी बाई धावत आल्या, माझ्या कानाशी ओरडल्या, "बंद करा ते!"

मी भाविकाकडं बोट दाखवलं. पाऊण तास पोर खुर्चीत डुलत बसलेली, हूं की चूं नाही. "हीच ना ती? पाच मिनिटं बसत न्हाय म्हणता ती?"

बाईंनी बघितलं. अध्यक्षांनीही बघितलं. मी डॉक्टरांचा कागद त्यांच्यापुढं धरला आणि भाविकाची मनगटं धरून ओढणीचं सगळं ओरडून सांगितलं. त्यांनी बाईंना ऑफिसात नेलं. बाहेर आल्या तेव्हा हातात सहीशिक्क्याचा कागद होता. भाविकाला तिच्या वर्गात, तिच्या बाकावर परत घेणार. बांधलं ही चूक झाली, माफी मागतो.

"माइकवर वाचा," मी म्हटलं. "सगळ्या गावाला ऐकू द्या."

बाई स्टेजवर चढल्या. अश्फाक भिंतीवरून डोकावत होता, माझ्या खुणेची वाट बघत. चारशे माणसं बसलेली. मी हात वर करायचा, लूम थांबणार, आणि बाईची माफी पार रस्त्यापर्यंत जाणार.

हात अर्धा वर गेला. मग भाविकाकडं लक्ष गेलं. डुलताना ती ओठातल्या ओठात हसत होती. लूम थांबले असते तर ती चारशे माणसांसमोर किंचाळली असती. आणि तिला तिथं आणली कुणी? मीच. बाईला मारायला काठी आणावी तशी माझी पोर आणली होती मी.

मी अश्फाकला मानेनं नको म्हटलं.

बाईंनी स्टेजवरूनच हातवारे केले, कुणाला ऐकू येणार नाही म्हणून. मी हातानंच सांगितलं, वाचा. त्यांनी पूर्ण वाचलं, अगदी तारखेपर्यंत. एक अक्षर कुणाला कळलं नाही.

सासूनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "काय बोलते गो ती?"

"काय न्हाय, आत्या. भाविका सोमवारपासून शाळेत जाते, येवढंच," मी ओरडून सांगितलं, आणि दात आवळून बसून राहिले.