जित्या बापाचा फेटा

बोगद्यात शिरलेली मेल आपल्यापुढची हवा ढकलत आणते, हे जळकोटच्या बब्रुवान अण्णांना पटत नव्हतं. त्यांनी आयुष्यात एकच रेल्वे पाहिली होती, येडशीची छोटी गाडी. तिनं अजून कुणाची टोपीसुद्धा उडवली नव्हती.

त्यांचा मुलगा श्रीपती बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडून घाटातल्या रेल्वेवर कामाला लागला. सोबत गावचाच मच्छिंद्र होता. आता रजेवर आला, तो मच्छिंद्राच्या अस्थी घेऊन.

"गाडी आली की भिंतीतल्या कोनाड्यात पाठ टेकून उभं ऱ्हायचं," श्रीपती सांगत होता. "आधी कान गच्च दाटत्यात. मग वारा छातीवर बसतो. आन् इंजिन म्होरं सरकलं की सगळं उलटं, गाडीकडं वडून नेतो. मच्छिंद्राची टोपी गेली. टोपीमागं त्याचा हात गेला अण्णा, आन् हातामागं त्यो."

"मुकादम काय म्हणतो?"

"डोक्यावर कायबी ठेवू नका म्हणतो."

"म्हंजी मी मेलो व्हय?"

आमच्या भागात बाप गेल्याशिवाय माणूस बोडक्यानं फिरत नाही. मुकादम परमुलखातला, त्याला हवेचा दाब कळत होता, बापाचा नव्हता. श्रीपतीला दोन्ही कळत होते. म्हणून तो फेट्याचा शेमला आत खोचून, डोकं दोन्ही हातांनी धरून कोनाड्यात उभा राहायचा.

शिवाय अण्णा सोसायटीचे संचालक. दुष्काळात सोसायटीकडं वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे बैठका नियमित होत. बोडक्या पोराचा बाप तिथं कोणत्या तोंडानं बसणार?

"फेटा घट बांध," अण्णांनी निकाल दिला.

दाराआडून सून तारामती बोलली. सासऱ्यासमोर ती एरवी बोलत नसे.

"मामा, मच्छिंद्रभावजींचाबी बाप जिताच हाय की."

अण्णांनी ताट पुढं सारलं. जेवणावरून उठले, ते तसेच.

सकाळी श्रीपतीला एसटीवर घालवायला अण्णा स्वतः निघाले, उघड्या डोक्यानं. पांढऱ्या केसांवर फेट्याचा वळ तेवढा दिसत होता. स्टँडवरच्या हॉटेलात सोसायटीचे चेअरमन महारुद्र चहा पीत बसले होते. ते कपासकट उठले.

"अण्णा! कोण गेलं हो?"

"कुणी न्हाय."

"मग हे?"

अण्णांनी हात वर केला, श्रीपतीचा फेटा उतरवला आणि काखेत धरला. श्रीपतीची मान खाली गेली. अण्णांनी हनुवटी धरून ती वर केली.

"मी जिता हाय," ते सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाले. "आन् माझं पोरगं बोडकं हाय. दोन्ही नीट बघून घ्या."

एसटी आली. श्रीपती तसाच चढला.

तरी बातमी पसरायची ती पसरलीच. दिवसभर लोक अण्णांच्या दारात सांत्वनाला येत राहिले. अण्णा ओट्यावर उघड्या डोक्यानं बसून होते. येईल त्याला ते मच्छिंद्राच्या बापाच्या, गुंडाप्पाच्या घराकडं पाठवत होते.