भोंगाकाका, चौकशीताई आणि मी

मित्रांनो, माझं डोकं जाळीचं आहे, मान वाकडी आहे आणि पोटात एक पडदा आहे. तो इतका पातळ आहे, की कुणी नुसती फुंकर मारली तरी थरथरतो. तुम्ही मला माईक म्हणता. एका छोट्या रेडिओ केंद्रातला मी जुना माईक. माझ्या जाळीचा मुलामा उडाला आहे, अंगावर दोन पोचे आहेत, पण कान शाबूत आहेत. खरं सांगायचं तर मी म्हणजे नुसता कानच!

माझा जन्म कारखान्यात झाला. एक चष्मेवाली कारागीर बाई चिमट्याने माझ्या पोटात तो पडदा बसवत होती. हे काम करताना ती श्वास रोखून धरायची. पडदा बसला, स्क्रू आवळले गेले आणि तिने हुश्श केलं. ते ‘हुश्श’ म्हणजे मी ऐकलेला पहिला आवाज. मग घसा बसलेला एक मुकादम आला आणि माझ्यासमोर एक ते दहा आकडे म्हणाला. त्यातला सात तो विसरला. तरीही मी पास झालो.

कापसात गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून मला या केंद्रात आणलं. इथल्या स्टुडिओच्या भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या आहेत, खाली जाड गालिचा आहे आणि एका बाजूला मोठी काच आहे. काचेपलीकडे बटणांच्या टेबलाशी एक ताई बसते. तिला सगळे बटणताई म्हणतात. दारावर लाल दिवा आहे. तो लागला, की मी जे ऐकेन ते सगळं शहर ऐकतं. या खोलीतून आवाज बाहेर जात नाही, म्हणून केंद्रातली भांडणंही इथेच होतात. दिवा बंद असला तरी मला सगळं ऐकू येतं. आता मी कान कसे बंद करू?

माझ्यासमोर खूप लोक बसले. बातम्या सांगणारे अण्णा बसले, शिट्टीवर गाणी वाजवणारा न्हावी बसला, एकदा तर एक बोकडही आला होता. त्याने माझी तार चावून पाहिली. पण माझा खरा सोबती म्हणजे भोंगाकाका. त्यांचा आवाज एवढा मोठा, की त्यांना माझ्यापासून हातभर लांब बसावं लागे. रोज सकाळी ते ‘गप्पा’ नावाचा कार्यक्रम करत. हरवलेल्या वस्तू सांगत, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची पत्रं वाचत, थट्टा करत. एकदा त्यांनी हवेतून हाक मारून हरवलेली मुलगी दहा मिनिटांत आईकडे पोचवली होती. लोक त्यांच्यावर जीव टाकत. एका आजीने तर माझ्यासाठीही निळी लोकरीची टोपी विणून पाठवली होती. ‘एवढ्या बडबडीत माईकला सर्दी व्हायची,’ असं तिने चिठ्ठीत लिहिलं होतं. ती टोपी घालून मी सात हिवाळे मिरवलो.

मग ती सकाळ आली.

भोंगाकाकांची आदल्या दिवशी बस चुकली होती. ते बहिणीकडे निघाले होते आणि दोन तास बाकावर बसून घरी परत आले होते. त्यामुळे स्वारी आधीच तापलेली. लाल दिवा लागला आणि ते म्हणाले, “मंडळी, काल माझी बस चुकली. आपल्या बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर कोणाला बसवलंय माहीत आहे का? एका तोतऱ्या बाईला! ‘ब-ब-बस क-क-कधी सुटणार’ हे ती सांगेपर्यंत बस पुढच्या गावात पोचते!”

त्यांनी ती नक्कल तीनदा केली. काचेपलीकडे बटणताई आधी हसली आणि मग हसायची थांबली. भोंगाकाकांना वाटलं, मैफल रंगतेय. ते पुढे म्हणाले, “गंमत सोडा. माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना धड बोलता येत नाही, त्यांनी बोलण्याच्या नोकऱ्या करूच नयेत.”

माझा पडदा नेहमीसारखाच थरथरला. चांगलं आणि वाईट मला वेगळं काढता येत नाही, मित्रांनो. जे येईल ते मी पुढे पाठवतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचं वाईट वाटलं.

फोन वाजला. बटणताईने तो सरळ कार्यक्रमात जोडला.

“नमस्कार, बोला!” भोंगाकाका आनंदात म्हणाले.

“काय रे भोंग्या!” एक खणखणीत म्हातारा आवाज आला. “ओळखलंस का? तुझ्या माईकला टोपी विणणारी मी. आणि तू जिची नक्कल करतोयस ना, ती माझी सून!”

भोंगाकाकांच्या हातातला कागद गळून पडला.

“सतरा वर्षं ती त्या खिडकीवर बसते. हळू बोलते, पण बरोबर सांगते. काल तुझी बस चुकली ती तिच्यामुळे? देवाशप्पथ सांग!”

“आजी, मी आपलं गमतीने...”

“तुझी गंमत ऐकून ती डबा न घेता कामावर गेली. टोपी परत पाठव माझी!”

फोन आपटल्याचा आवाज सगळ्या शहराने ऐकला. बटणताईने घाईघाईने गाणं लावलं.

दुपारपर्यंत फोनची घंटा थांबेना. दुसऱ्या दिवशी पत्रांची पिशवी आली. कुणी लिहिलं, ‘या माणसाला आजच्या आज काढा.’ कुणी लिहिलं, ‘एवढ्यातेवढ्यावरून लोकांना लगेच राग कसा येतो? भोंगाकाका खरं तेच बोलले.’ एका गृहस्थाने तर दोन्ही बाजूंनी एकेक पत्र पाठवलं होतं. पहिलं सकाळी लिहिलेलं, दुसरं बायकोशी बोलल्यावर.

केंद्राच्या प्रमुख बाईंनी भोंगाकाकांना तूर्त घरी बसवलं. मग त्यांनी स्टुडिओचं दार लावून घेतलं. आत त्या, अण्णा, बटणताई आणि अर्थातच मी.

“मला नका विचारू, मला राग आलाय,” बटणताई म्हणाली. “माझी धाकटी बहीण अडखळत बोलते. काल मी घरी गेले तेव्हा तिने रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. मी हसले होते हो, बाई! सुरुवातीला मीही हसले होते.”

अण्णांनी चष्मा पुसला. “बोलला ते वाईटच बोलला. पण मत आवडलं नाही म्हणून नोकरी घ्यायची, हे मला पटत नाही. आज त्याची गेली, उद्या एखाद्या बड्या माणसाला माझी बातमी झोंबली तर माझी जाईल. मग इथे कोण तोंड उघडेल?”

“अण्णा, बड्या माणसाला टोचणं आणि खिडकीवरच्या बाईची नक्कल करणं एकच का?”

“एक नाही. पण त्यातली रेघ कोण मारणार? तू? मी?”

प्रमुख बाई माझ्या तारेशी चाळा करत होत्या. “घरी बसून तो काय वाटेल ते म्हणो,” त्या म्हणाल्या. “इथे त्याच्या हातात माईक आहे आणि तिच्या हातात नाही. मला तेवढंच खुपतंय. आणि बावीस वर्षं इथे काम केलेला माणूस एका सकाळवरून घालवायचा, तेही खुपतंय.”

निर्णय झाला नाही. चहा मात्र दोनदा झाला.

पुढची गोष्ट मी भोंगाकाकांच्याच तोंडून ऐकली. चौथ्या दिवशी ते बसस्थानकावर गेले. चौकशी खिडकीवर एक सुसाट बोलणारा कारकून होता. काकांनी विचारलं, “इथल्या बाई कुठे गेल्या?”

“त्यांना मागच्या गोदामात टाकलं,” कारकून म्हणाला. “रेडिओवर कुणीतरी काहीतरी बोललं, मग आमच्या साहेबांकडे तक्रारी आल्या. आता त्या सापडलेल्या वस्तू सांभाळतात. तुम्हाला कुठे जायचंय? तीन नंबरचा फलाट!”

काकांनी अजून कुठे जायचं ते सांगितलंच नव्हतं.

ते मागच्या गोदामात गेले. छत्र्या, डबे, जोड हरवलेल्या एकेकट्या चपला यांच्यामध्ये त्या बाई, म्हणजे चौकशीताई, चिठ्ठ्या चिकटवत बसल्या होत्या. काकांनी घसा साफ केला. तेवढ्यावरून ताईंनी वर न बघता ओळखलं.

“अ-आवाज ओळखीचा आहे,” त्या म्हणाल्या.

“माफी मागायला आलोय, ताई.”

चौकशीताईंनी एका छत्रीला चिठ्ठी लावली. मग शांतपणे त्या म्हणाल्या, “बोललात स-सगळ्या शहरासमोर. आणि माफी मागता गो-गोदामात?”

बिचारे भोंगाकाका! छत्र्यांमधून वाट काढत ते बाहेर पडले.

तिथून ते थेट केंद्रात आले. प्रमुख बाईंना म्हणाले, “मला काढायचं असेल तर काढा. पण आधी दहा मिनिटं द्या.” बाईंनी माफीचा मजकूर लिहून आणायला सांगितला. काकांनी लिहिलं, ‘माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे.’

बटणताईने कागद वाचला आणि परत केला. “‘असतील तर’ म्हणजे काय? दुखावल्यात की नाही, हे अजून तुम्हाला कळायचंय का?”

दुसरा आणि तिसरा कागदही परत आला. चौथ्या कागदावर तीनच ओळी होत्या. तो तिने ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गर्दी झाली. बाईंनी चौकशीताईंनाही बोलावलं होतं आणि त्यांच्या सासूबाई न बोलावता आल्या होत्या. आत आल्याआल्या त्यांनी माझ्या डोक्यावरची टोपी काढून पिशवीत टाकली. मला थंडी वाजत नाही, मित्रांनो, पण त्या दिवशी फार उघडंउघडं वाटलं.

लाल दिवा लागला. भोंगाकाका म्हणाले, “मी चौकशीताईंची नक्कल केली. ते क्रूर होतं. त्या दिवशी बस त्यांच्यामुळे चुकली नव्हती, मीच उशिरा पोचलो होतो. माझ्या बोलण्यामुळे त्यांची खिडकी गेली आणि ही चूक सर्वस्वी माझी आहे.” एवढा मोठा आवाज, पण मला तो जवळ ओढून घ्यावासा वाटला, इतका तो बारीक झाला होता.

मग त्यांनी खुर्ची सोडली आणि चौकशीताई माझ्यासमोर बसल्या. त्यांनी तोंड उघडलं. आवाज येईना.

आमच्याकडे नियम आहे, पाच सेकंद शांतता झाली की गाणं लावायचं. सवयीने बटणताईचा हात बटणाकडे गेला. प्रमुख बाईंनी तो धरला. सहा सेकंद झाले. सात. मी त्यांचा श्वास ऐकत होतो. आठ.

“म-मला सगळे विचारतात, यांची नोकरी जावी का,” त्या म्हणाल्या. “मला ठाऊक नाही. ते बाईंनी ठ-ठरवावं. माझी खिडकी गेली, त्याबद्दल कु-कुणीच विचारलं नाही. मला माझी खिडकी हवी. आणि आता मी सकाळच्या ब-बसगाड्या सांगते, कारण चार दिवस लोक चुकीच्या फलाटावर उभे आहेत.”

आणि त्यांनी खरोखरच सगळ्या बसगाड्या सांगितल्या! हातात कागद नव्हता. वेळ, फलाट, कुठे बदलायची, कुठली बस रविवारी नसते, सगळं तोंडपाठ. काही शब्द अडत होते. त्या थांबत, पुन्हा धरत, पुढे जात. फोन वाजला. एका गृहस्थाला विचारायचं होतं, की मावशीकडे दुपारच्या जेवणाला पोचायचं तर कुठली गाडी? त्यांनी सांगितलं. दुसरा फोन. तिसरा. सासूबाई मध्येच म्हणाल्या, “नीट ऐकून घे रे, ती दोनदा सांगणार नाही!” काचेपलीकडे बटणताई डोळे पुसत हसत होती. पाचवा फोन बसस्थानकाच्या साहेबांचा होता. ते त, त, प, प करत होते. सोमवारपासून खिडकी परत चौकशीताईंची, असं त्यांना सगळ्या शहरासमोर सांगावं लागलं.

भोंगाकाकांचं काय झालं? प्रमुख बाईंनी त्यांना काढलं नाही, पण सकाळच्या गप्पा त्यांच्याकडून काढून घेतल्या. त्या आता बटणताई करते आणि झकास करते. भोंगाकाका संध्याकाळी हवामान सांगतात आणि आजारी माणसांची पत्रं वाचतात. काही लोकांना ही शिक्षा फार कमी वाटली, काहींना फार जास्त. अण्णा आणि बटणताई त्यावरून अजूनही भांडतात, अर्थात इथेच, दार लावून. कोण बरोबर, ते मला सांगता येणार नाही. सासूबाईंना विचाराल तर त्या म्हणतात, “माफ अजून केलं नाही. पण पत्रं बरी वाचतो मेला.”

मधल्या काळात मीही म्हातारा झालो. मोठ्या स्टुडिओत नवा, सडपातळ माईक आला आणि दोन वर्षं मी कपाटात धूळ खात पडलो. तिथे फार कंटाळा आला. कुणी दार उघडलं की मी आशेने ऐकायचो आणि ते नुसती बॅटरी घेऊन जायचे. मग मुलांचा कार्यक्रम सुरू झाला आणि बटणताईने मला बाहेर काढून पुसलं. आता दर शनिवारी तुमच्यासारखी मुलं माझ्यासमोर बसतात.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणं आहे. माझ्या जाळीवर टिचक्या मारू नका, तारेला धरून मला ओढू नका आणि काम झालं की मला झाकून ठेवा. आणि एखाद्याबद्दल बोलायचं असेल, तर तो माणूस कुठल्यातरी घरात रेडिओशेजारी बसून ऐकतोय, हे आधी मनात आणा. त्यानंतरही जे सांगावंसं वाटेल, ते मोकळेपणाने सांगा. रागाचं असेल, वेगळं असेल, कुणाला न पटणारं असेल, तरी सांगा. शब्द अडला तर घाबरू नका. जरा थांबा, श्वास घ्या. मला काही घाई नाही.